अकरा चालतो, अठ्ठ्याऐंशी तापतो

बाबांचा आवाज मोठा होता आणि त्याला गिरणी कारणीभूत होती. साचेखात्यात शेकडो साचे, म्हणजे कापडाचे माग, एकाच वेळी खडखडत असले की माणूस एकतर समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतो, नाहीतर ओरडायला शिकतो. बाबा दोन्ही शिकले होते. वाकोल्याच्या आमच्या खोलीत ते जेवताना "मीठ" म्हणाले की खालच्या बिऱ्हाडातल्या बायका मीठ शोधायला उठतात, असं आई म्हणायची.

संप झाला, लांबला, आणि संपला कधी ते कुणी सांगितलंच नाही. गिरणीने परत बोलावलेल्यांत बाबा नव्हते. दोनेक वर्षं ते घरी बसले. बसले कसले, दारात उभे राहिले. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात कामाला घेतलं. डॉक्टर राहायला पार्ल्याला, दवाखाना वाकोल्यात. काम सोपं होतं. आलेल्या पेशंटला नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, नंबर आला की पुकारायचा, आत सोडताना बिल्ला परत घ्यायचा. माणसं बाकांवर, पायरीवर, थेट कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीपर्यंत पसरलेली असत. बाबा स्टुलावर बसल्या बसल्या "सत्तावीस" म्हणाले की गादीवरचा सत्तावीस पान थुंकून यायचा. दवाखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदा त्यांना कुठेतरी वेळेवर पोचायचं असे, आणि ते अर्धा तास आधी पोचत.

एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांचा घसा बसला. आधी घरात आम्हाला ते बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण महिना झाला तरी घसा उठेना. बोलताना आवाज मध्येच तुटायचा आणि पुढे नुसती हवा यायची. डॉक्टरांनी त्यांना घशाच्या स्पेशालिस्टकडे धाडलं. त्याने आरसा घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्र सुजलंय, गाठ धरू पाहतेय. दोन महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. नाहीतर आहे तो आवाजही राहणार नाही.

नंबर पुकारणाऱ्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय, ते आमच्या डॉक्टरांना कळत होतं. कठीण बोलायचं असलं की ते चष्मा पुसत. त्या दिवशी त्यांनी तो बराच वेळ पुसला.

"मामा, दोन महिने माझा मेहुणा बसेल तुमच्या जागेवर. दुकान बंद केल्यापासून रिकामाच आहे. तुम्ही आराम करा."

दोन महिन्यांसाठी बसलेला मेहुणा दोन महिन्यांनी उठत नसतो, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. बाबांना बोलायची बंदी होती. ते नुसते मान हलवत राहिले.

तेव्हा मी तोंड उघडलं. माझ्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

"डॉक्टर, नंबर पुकारलाच पाहिजे असं कुठंय? दिसला तरी झालं की. मी बोर्ड करून देतो. बाबांनी बसल्या जागी बटण दाबायचं, पुढचा नंबर पेटेल. घशाचा संबंधच नाही."

"तू करशील?"

"आठ दिवसांत."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी चाळीच्या गच्चीवरून छत्री घेऊन उडी मारणार होतो, तेव्हा त्यांनी असंच बघितलं होतं.

मी तेव्हा अंधेरी पूर्वेला एमआयडीसीतल्या एका गाळ्यात कामाला होतो. आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. काट्याच्या पोटात चाळीस पायांची एक चिप असे, मायक्रोकंट्रोलर. आधी ज्याला दहा-वीस चिपा लागायच्या ते काम ही एकटी करायची. तिच्या पाठीवर काचेची बारीकशी खिडकी असे. त्या खिडकीतून अतिनील दिवा दाखवला की ती शिकवलेलं सगळं विसरून नव्याने शिकायला तयार. माणसांत ही सोय असती तर मी रांगेत पहिला बिल्ला घेतला असता.

गाळ्यातल्या टेस्टिंगच्या बाई मुलुंडहून यायच्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि आम्हा सगळ्या पोरांच्या सासूसारख्या. नवा बोर्ड चालू केला की बाई मीटरला हात लावायच्या आधी एकेका चिपेला बोट लावत. "मीटर विचारलेलं सांगतो, बोट न विचारलेलं सांगतं," असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याकडे एक चिप मागितली, बाबांसाठी म्हणून. त्यांनी लगेच दिली.

"सर्किट दाखव एकदा मला."

"साधंच आहे हो बाई."

"साधं असतं तेच दाखवायचं असतं."

मी दाखवलं नाही. का नाही ते सांगतो.

एक आकडा सात काड्यांचा असतो. आठ लिहायचा तर सातही काड्या पेटतात, एक लिहायचा तर दोनच. दोन आकड्यांच्या मिळून चौदा काड्या. माझी एकेक काडी म्हणजे ओळीने लावलेले दोन लाल एलईडी. शहाण्या माणसाची पद्धत अशी की चिपेचा पाय आणि काडी यांच्यामध्ये एकेक ट्रान्झिस्टर टाकायचा. मग चिप फक्त हुकूम देते, करंटचं ओझं ट्रान्झिस्टर वाहतो. चौदा काड्यांना चौदा ट्रान्झिस्टर. एकेकाला तीन पाय, म्हणजे बोर्डाला बेचाळीस भोकं, आणि ती पाडायची हातड्रिलने. मी दिवसभर गाळ्यात दुसऱ्यांचे बोर्ड जोडून, बसला लोंबकळून घरी आलेला माणूस. बेचाळीस भोकांच्या नुसत्या विचाराने माझा खांदा भरून आला.

मग मी चिपेची माहिती दिलेला झेरॉक्सचा कागद काढला. एका पायातून किती करंट ओढला तर चालतो, तो आकडा त्यात होता. माझ्या एका काडीला त्याहून थोडा कमीच लागत होता. म्हटलं, झकास. मध्ये ट्रान्झिस्टर कशाला? काडी थेट पायाला जोडू. बेचाळीस भोकं वाचली. मला त्या संध्याकाळी आपण भयंकर हुशार असल्यासारखं वाटलं, आणि हे वाटणं माझ्या बाबतीत नेहमीच वाईट लक्षण ठरलेलं आहे.

लाकडाची पेटी केली. आमच्याकडे झुरळं फार, आणि झुरळांना उबदार यंत्रं फार आवडतात. म्हणून पेटीच्या सगळ्या फटी सुताराच्या लांबीने लिंपून टाकल्या. चिपेची खिडकी झाकायला दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. शनिवारी संध्याकाळी घरात बोर्ड चालू केला. आईने पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मी बटण दाबत दाबत वर निघालो तशी मला थांबवलं.

"पयल्याच दिवशी ह्या काय चाललाहा? अकरावर ठेव."

"आई, टेस्टिंग आहे हे."

"मग टेस्टिंग अकरावर कर. शुभ आसता."

मी अकरावर ठेवला. आमच्याकडे पाकिटात अकरा, आहेरात अकरा, आरतीच्या ताटात अकरा. मलाही ते मनातून बरंच वाटलं. शनिवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत बोर्ड अकरावर जळत राहिला. पेटीला हात लावला तर गार. मी आईला म्हणालो, "बघ, चोवीस तास चालला. आता वर्षभर बघायला नको."

एक ते नव्याण्णव एवढ्या आकड्यांत दोन खणांतला सगळ्यात हलका आकडा अकरा. चौदापैकी चारच काड्या पेटतात. मी घोड्यावर एक उशी ठेवून तो पाटलांची वरात नेईल का ते तपासत होतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण पुढच्याच आठवड्यात एकाने सांगितलंच, आणि मी ऐकलं नाही.

बोर्ड मंगळवारी दवाखान्यात लागला. कंपाउंडरच्या खिडकीच्या वर मोकळी भिंत होती, दारातून सरळ दिसणारी, तिथे. खिडकीच्या आत स्टोव्हवर इंजेक्शनच्या सुया-सिरिंजा उकळायचं पातेलं अखंड चालू असायचं. त्याची वाफ थेट माझ्या पेटीच्या बुडाला लागते, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, बरंय, निर्जंतुक राहील.

पहिल्या दिवशी पानाच्या गादीवाल्या पेशंटांची तक्रार आली, लांबून दिसत नाही. मी संध्याकाळी जाऊन काड्यांचे रेझिस्टर बदलले, निम्म्या ओहमचे घातले. रेझिस्टर कमी म्हणजे करंट जास्त, उजेड जास्त. आकडे असे लखलखले की गादीवाला म्हणाला, आता मला ट्यूबलाइट नको. चिपेच्या कागदावरचा आकडा मी परत पडताळून बघितला नाही. बघायचा कशाला, चाललं होतं ना.

बाबांचं मौन चालू होतं. ते गळ्यात मफलर, मांडीवर माझी शाळेतली पाटी आणि हातात बटण घेऊन स्टुलावर बसत. बोलायचं ते पाटीवर. बुधवारी रात्री जेवताना त्यांनी पाटी पुढे केली. लिहिलं होतं: *एक लख्ख. आठ मंद.*

"बाबा, ते तसंच असतं. पाण्यात साखर घातल्यासारखं. आठाला काड्या जास्त, म्हणून उजेड वाटला जातो."

हे मी शोधून काढलेलं शास्त्र. पानभर ऐकवलं मी त्यांना.

गुरुवारी पाटी: *चाळिशीनंतर पेटी गरम.*

"स्टोव्हची वाफ आहे ती."

शुक्रवारी त्यांनी पाटीवर चित्रच काढलं. वर एक आडवी रेघ, तिच्यावरून खाली आलेले पट्टे, प्रत्येक पट्ट्याखाली एक चौकोन. जुन्या गिरण्यांत छताखालून एकच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी साचे चालायचे, हे मला त्यांच्याच तोंडून माहीत होतं. चित्राखाली लिहिलं होतं: *दोन साचे चालू, शाफ्ट थंड. सगळे चालू, शाफ्ट मंद, बेअरिंग जळतं. आठ म्हणजे सगळे साचे.*

मी चोवीस वर्षांचा, डिप्लोमावाला. म्हणालो, "बाबा, ते मेकॅनिकल. हे इलेक्ट्रॉनिक्स आहे."

त्यांनी पाटी ओल्या फडक्याने पुसली. पूर्ण पुसली, कोपऱ्यांपर्यंत.

त्या आठवड्यात गर्दी कमी होती, दिवसाचा नंबर पन्नाशीच्या आसपास संपायचा. मग सोमवार आला. ऑक्टोबरचा उकाडा, घराघरांत ताप, आणि रविवारच्या सुट्टीचं तुंबलेलं सगळं सोमवारी. मी माझा पराक्रम बघायला मुद्दाम हाफ डे टाकून दवाखान्यात जाऊन उभा राहिलो. पंख्याखालच्या बाकावर एक रिटायर्ड गृहस्थ बसले होते. दवाखान्याची पद्धत अशी, की दुपारी बारानंतर जमा झालेले बिल्ले संध्याकाळसाठी परत द्यायला सुरुवात व्हायची. या गृहस्थांनी संध्याकाळचा एक नंबरचा बिल्ला पटकावला होता, आणि घरी पंखा बिघडलाय म्हणून ते तिथेच बसून राहिले होते. मी त्यांना बोर्डाची सगळी महती सांगितली. वर म्हणालो, "काका, माणूस चुकेल, मशीन चुकत नाही."

ऐंशीनंतर आकडे मंद व्हायला लागले. त्र्याऐंशी विटकरी दिसत होता. शहाऐंशीला मला चिकटपट्टीच्या डिंकाचा वास आला, पण दवाखान्यात चिकटपट्टीचा वास यायचाच, असं मी मनाशी म्हणालो. सत्त्याऐंशी आत गेला, बाहेर आला. बाबांनी बटण दाबलं. अठ्ठ्याऐंशी पेटला, चौदाच्या चौदा काड्या, विझत्या निखाऱ्यासारख्या. दोनदा फडफडला. मग खटकन तिथे लख्ख, तेजस्वी एक आला.

चिप तापून भान हरपून बसली होती आणि शुद्धीवर येऊन पहिल्यापासून सुरू झाली होती.

पंख्याखालचे गृहस्थ उठले.

पायरीवर कलिन्याहून आलेली एक बाई बसली होती. खांद्यावर तापाने फणफणलेलं पोर, हातात अठ्ठ्याऐंशीचा बिल्ला. ती आडवी आली.

"ओ आजोबा, कुठे चाललात? नंबर माझा आहे."

"बोर्डावर काय लिहिलंय वाचा ना. एक. हा बघा एक."

"मघाशी सत्त्याऐंशी होता तो."

"ते मला माहीत नाही. मशीन चुकत नाही, यांनीच सांगितलं मला आत्ता." आणि त्यांनी बोट माझ्याकडे केलं.

"संध्याकाळचा बिल्ला आहे तुमचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"बिल्ल्यावर लिहिलंय का संध्याकाळ?"

"सकाळी दहापासून बसलेय मी. पोराच्या अंगावर भाकरी भाजेल. माझ्याआधी आत जाऊन बघाच तुम्ही."

बाबा बटण दाबायला लागले. त्यांचा विचार सरळ होता. दाबत दाबत परत अठ्ठ्याऐंशीपर्यंत न्यायचं. दोन, तीन, चार. पण प्रत्येक आकड्याला संध्याकाळचा बिल्लेवाला कुणीतरी बाकावरून उठू लागला. अठ्ठाविसाला बोर्ड पुन्हा एकावर आला. गृहस्थ म्हणाले, "बघा, आता तर दोनदा सांगितलं." आत शिरण्यासाठी ते वळले, बाईने दाराची चौकट धरली, पोर रडायला लागलं, आणि मी, ज्याने हे सगळं घडवलं तो, पेटीकडे बघत नुसता उभा होतो. माझ्या डोक्यात तेव्हा एकच विचार होता, की मागच्या दाराने निघता येईल का. दवाखान्याला मागचं दार नव्हतं.

बाबा स्टुलावरून उठले. पाटी बाजूला ठेवली.

"अठ्ठ्याऐंशी."

साचेखात्यातला आवाज होता तो. बाकं गप्प झाली. पानाच्या गादीवरचा रेडिओ तेवढा ऐकू येत राहिला. गृहस्थ खाली बसले. बाई आत गेली. मी पेटीची वायर काढून टाकली, आणि राहिलेले सगळे नंबर, एकोणनव्वदपासून पंच्याण्णवपर्यंत, बाबांनी तोंडानेच पुकारले. एक्याण्णवला आवाज चिरला. त्र्याण्णवला कापडाचा ताका फाडल्यासारखं झालं. पंच्याण्णव त्यांनी बोटांवर दाखवला.

डॉक्टर केबिनच्या दारात येऊन उभे होते. चष्मा पुसत.

"मामा, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. हवासुद्धा नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू इंजिनिअर ना रे?"

"डिप्लोमा."

"हं." या 'हं'ला मी पुढे अनेक वर्षं मनातल्या मनात उत्तरं देत होतो. "हे बघ, उद्यापासून मेहुणा बसेल. पुढच्या सोमवारी तुझी पेटी शेवटच्या नंबरापर्यंत चालली तर मामा परत बसतील. नाही चालली, तर मग माझा नाइलाज आहे. पेशंटची भांडणं मी सोडवू, का इंजेक्शनं देऊ?"

पेटी काखोटीला मारून मी घरी आलो. बाबा पुढे, मी मागे. रस्ताभर ते एकदाही वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर मी पेटी उघडली. चिकटपट्टी चिपेवरून घसरून खाली पडली होती, तिचा डिंक तपकिरी झाला होता. बाईंनी चालू करून अठ्ठ्याऐंशी लावायला सांगितला. मिनिटभर थांबल्या, चिपेवर बोट टेकवलं आणि लगेच उचललं. बोट तोंडात घातलं. मग मला म्हणाल्या, "आता तू लाव."

मी लावलं. भाजल्याचा ठसा बोटावर आठवडाभर होता.

"ट्रान्झिस्टर कुठे आहेत?"

"थेट दिलंय, बाई. एका पायाला झेपतं. कागदात आहे."

"आण कागद."

त्यांनी कागद टेबलावर ठेवून सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरं होती. एका पायाला इतकं, पण सगळ्या पायांचं मिळून इतकंच. मिळूनचा आकडा माझ्या चौदा काड्यांच्या निम्माही नव्हता. मी पुढे पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो की झेरॉक्सवाल्याने ती ओळ कापली होती. कापली नव्हती. ओळ तिथेच होती, आणि तिच्यावर माझ्या चहाच्या ग्लासाचा गोल उमटलेला होता.

"पायातून करंट आत येतो तेव्हा पाय पूर्ण शून्यावर नसतो," बाई म्हणाल्या. "थोडा व्होल्टेज त्याच्यावर उरतोच. तो व्होल्टेज आणि तो करंट, यांची झाली उष्णता. एका पायाची थोडीशी. पण सगळी एकाच ठिकाणी जमते. आत सिलिकॉनचा तुकडा केवढा असतो? तुरीच्या डाळीएवढा. तो जितका तापतो तितका पाय शून्याच्या आणखी वर राहतो, म्हणून दिवा मंद. आठ मंद दिसत नव्हता?"

"दिसत होता."

"मग काय वाटलं तुला?"

साखरेचं शास्त्र मी बाईंना सांगितलं नाही.

"पाय चाळीस असले तरी पोट एकच आहे रे," त्या म्हणाल्या. "प्रत्येक जण म्हणतो, मी थोडंच मागतोय." हे त्या चिपेबद्दल म्हणाल्या की आणखी कशाबद्दल, कळलं नाही. त्या रोज पहाटे उठून मुलुंडला पाच माणसांचे डबे करून येत.

मला पाटीवरचं ते चित्र आठवलं. आडवी रेघ, पट्टे, चौकोन. बाईंनी जे सांगितलं ते सगळं त्यात होतं, आणि चौथी शिकलेल्या माणसाने ते काढलं होतं. मी बाईंना विचारलं, चिप वाचेल का. त्यांनी एकेक पाय तपासला. दोन पाय कायमचे गेले होते. त्यांनी खण उघडून दुसरी चिप दिली. "या वेळी सर्किट दाखव."

या वेळी दाखवलं. गाळा सुटल्यावर रोज थांबून मी बेचाळीस भोकं पाडली. खांदा दुखला. वाटलं होतं त्यापेक्षा कमीच दुखला, आणि याचाच जास्त राग आला. पेटीच्या बुडाला आणि माथ्याला भोकं पाडून आतून बारीक जाळी लावली, झुरळांसाठी. पेटीची जागा स्टोव्हपासून लांब ठरवली. शनिवारी घरी बोर्ड चालू केला तेव्हा आई नारळ घेऊन उभी होती.

"अकरावर ठेव."

"अठ्ठ्याऐंशीवर ठेवतोय."

"सगळा वाईट बोलवान घे तू." पण नारळ तिने फोडला.

रविवार संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याऐंशी जळत राहिला. बाबा दर तासाला येऊन पेटीवर हात ठेवत. गिरणीत बेअरिंगवर ठेवत असतील तसा, पालथा पंजा. बोट कसं लावायचं हे बाई मला शिकवत होत्या तेव्हा असा पंजा ठेवणारा माणूस माझ्याच घरात होता. त्यांनी पाटी मागितली नाही. तो सगळा आठवडा त्यांनी माझ्यासाठी पाटीवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

सोमवारी मेहुणा कोपऱ्यात बसून होता, बोर्ड बंद पडला तर उभं राहायला तयार. माझ्यासाठी हाफ डे शिल्लक नव्हता, मी आजारी असल्याची थाप मारून आलो होतो, आणि थाप तशी खोटीही नव्हती. ऐंशी. त्र्याऐंशी. उजेड तसाच. सत्त्याऐंशी बाहेर आला. बाबांनी बटण दाबलं. चौदा काड्या लख्ख पेटल्या. बाबांनी लगेच पुढचं बटण दाबलं नाही. स्टूल ओढलं, त्यावर चढले, आणि पेटीवर पंजा ठेवून उभे राहिले. अठ्ठ्याऐंशी नंबरचा पेशंट आत गेला, तपासून बाहेर आला, औषध घेऊन गेला, तरी ते तसेच. मग उतरले, बसले, आणि एकोणनव्वद लावला.

त्या दिवशी चौऱ्याण्णव झाले. मेहुणा अठ्ठ्याऐंशीनंतर कधीतरी निघून गेला होता.

बाबा त्या स्टुलावर पुढे पुष्कळ वर्षं बसले. बोर्ड डॉक्टरांच्या मुलाच्या काळातही चालू होता, असं ऐकतो. दोन महिने संपले तेव्हा स्पेशालिस्टने परत आरसा घातला आणि म्हणाला, मध्ये ओरडलात का कधी? बाबांनी मान हलवली, नाही म्हणून. मी शेजारीच बसलो होतो. मीही काही बोललो नाही.

आवाज परत आला तो एवढाच, की जवळ बसलेल्याला ऐकू जावा. आमच्या घरात त्यानंतर जेवताना रेडिओ बंद असायचा, स्टोव्ह बारीक असायचा, आणि आई भांडी जेवणं झाल्यावर घासायची. बाबा मीठ मागायचे तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघायचो. मला ते ओळखायला बराच वेळ लागला.